दुकानचा शर्ट, दुकानाच्या खर्चानं

मागच्या आठवड्यात एक मुलगी माझ्या पार्लरला काम विचारायला आली, सोबत तिची आई. आई विडी वळणारी, मांडीवरचं सूप बाजूला ठेवून तासाभरासाठी निघून आली होती, बोटांना अजून तंबाखूचा वास होता. मुलीनं बेसिक कोर्स केलेला, मी माझ्याच भुवया तिच्या हातात दिल्या आणि पाच मिनिटांत कळलं की हात हलका आहे, ही टिकणार. पगाराचं झालं, वेळेचं झालं, मग आई जरा पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, "ताई, ड्रेस अंगभर घालू देताव न्हवं? पार्लरमधी टाईट टी-शर्ट घालायला लावतेत म्हणं, हिचे वडील नको म्हणालेत."

मी म्हटलं, मावशी, तसलं आपल्याकडे काही नाही, आणि विषय तिथं संपला. पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही, कारण गेली अठरा वर्षं मी या धंद्यात आहे आणि सलूनमधल्या पोरींनी काय घालावं यावर मी शंभर जणांची मतं ऐकली आहेत. घरचे म्हणतात अंगभर पायजे, मालक म्हणतात स्मार्ट पायजे, क्लायंट म्हणतात जरा नीटनेटकं पायजे, आणि या सगळ्यांत एकानं सुद्धा कधी विचारलं नाही की बाई, दिवसाचे दहा तास तू उभी असतेस, हात केमिकलमध्ये असतात, अंगावर दुसऱ्याचे केस पडतात, तर तुला काय घातलं की बरं पडतं? मला वाटतं सगळ्यात आधी हा प्रश्न विचारायला हवा. सलूनचा ड्रेस हा कामाचा ड्रेस आहे, जसा गॅरेजवाल्याचा असतो, नर्सचा असतो, तो काम बघून ठरायला पाहिजे आणि त्याचे पैसे मालकानं द्यायला पाहिजेत. मी स्वतः मालकीण आहे, तीन मुली माझ्याकडे काम करतात, तेव्हा हे मी दुसऱ्याच्या खिशावर बोलत नाहीये.

माझ्या माहेरी सलूनच. वडलांचं सोलापुरात बाळीवेस भागात दोन खुर्च्यांचं दुकान होतं, समोर मोठा आरसा, वर संत सेना महाराजांची तसबीर. वडील सकाळी घरून चांगला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि दुकानात गेल्या गेल्या तो काढून खिळ्याला लावायचे आणि दुकानचा शर्ट घालायचे. आमच्या घरात हा शब्दच होता, "दुकानचा शर्ट". पांढरा, सुती, अर्ध्या बाहीचा, गळ्याचं बटण लावलेलं, आणि खिसा नसलेला, कारण खिशात केस साठतात. रात्री तो शर्ट रस्त्यावर झटकून पिशवीत घालून यायचा आणि आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची, आमच्या शाळेच्या कपड्यांत कधीच नाही. लहानपणी मला वाटायचं ही आईची शिवाशिव आहे. मग एकदा वडलांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात बारीक भोक पडलं, दाबलं की त्यातून पाणी यायचं, मग पू यायला लागला. महिनाभर हळद, मलम सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनी चिमट्यानं आतून केस काढले, एक नाही, चार-पाच बारके बारके तुकडे, दुसऱ्या कोणाचे तरी, आणि सांगितलं की न्हावीकाम करणाऱ्यांना हे होतं, कापलेला केस टोकाला सुईसारखा असतो, ओल्या मऊ कातडीत तो शिरतो आणि आत जाऊन गाठ करतो. त्यानंतर मला त्या शर्टाचा आणि वेगळ्या बादलीचा अर्थ कळला.

हे पायाला पण होतं. तुम्ही कोणत्याही लेडीज पार्लरमध्ये जा, निम्म्याहून जास्त मुली चपलेवर किंवा अनवाणी काम करताना दिसतील, कारण फरशी स्वच्छ ठेवायची म्हणून चपला बाहेर काढायला लावतात. क्लायंटच्या चपला बाहेर काढा, काही हरकत नाही, पण जी पोरगी दिवसभर कापलेल्या केसांवर उभी आहे तिच्या पायात काहीतरी द्या. माझ्या स्वतःच्या तळव्यातून मी किती वेळा केस ओढून काढलेत, सुरुवातीला काटा रुतल्यासारखं वाटतं, काही दिसत नाही, मग दिव्याखाली पाय धरून बघितलं की कातडीखाली काळी रेघ दिसते. आणि वॅक्स. गरम वॅक्सचा डबा कलला आणि उघड्या पायावर पडला तर ते तेलासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं, ओढलं तर कातडी येते. त्यामुळे बंद बूट हवेत, तळ रबरी आणि न घसरणारा हवा कारण शाम्पूच्या बेसिनजवळ फरशी कायम ओली असते, आणि टाच चपटी हवी. हिल्सचं तर नाव पण काढू नये, दहा-दहा तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या कितीतरी बायका या धंद्यात आहेत, चाळिशीत पाय वर घेऊन बसावं लागतं.

आता तो टाईट टी-शर्ट. मी पार्लर टाकायच्या आधी एका मोठ्या सलूनमध्ये चार वर्षं होते. तिथं काळा टी-शर्ट आणि काळी पँट हा नियम होता आणि दोन टी-शर्टचे पैसे पहिल्या पगारातून कापले जायचे. माझा पहिला पगार हातात आला तेव्हा मला वाटलं मोजण्यात चूक झाली. कापड पॉलिस्टरचं, घाम शोषत नाही, वास धरून ठेवतं, आणि सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, पारा बेचाळीसच्या पुढं जातो. आत एसी असला तरी ड्रायर, स्ट्रेटनर, स्टीमर, वॅक्स हीटर सगळं आपल्या अंगाजवळ चालू असतं, क्लायंटला थंड लागतं आणि आपल्या पाठीवरून धार वाहत असते. वर कपडे बदलायला जागा नव्हती. म्हणजे तोच टी-शर्ट घरून घालून निघायचं, शेअर रिक्षात बसायचं, तर अंगावर मोठा स्टोल गुंडाळून, ऊन म्हणून पण आणि लोकांच्या नजरा म्हणून पण. माझ्या सोबतच्या एका मुलीचं काम केवळ या रिक्षाच्या प्रवासामुळे सुटलं, घरच्यांनी सांगितलं असले कपडे घालून गल्लीतून जायचं नाही. तिचा हात सोन्यासारखा होता हो, ब्रायडल मेकअप ती ज्या पद्धतीनं करायची तसा आज पण मला जमत नाही. सलूनमध्ये चार बाय चारचा पडदा लावून एक खुंटी ठोकली असती तर ती राहिली असती.

काळ्या रंगाला कारण नाही असं मी म्हणत नाही. हेअर कलरचे डाग काळ्यावर दिसत नाहीत, कापलेले केस दिसत नाहीत, हे खरं आहे. पण ब्लीच किंवा डेव्हलपर, म्हणजे कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड, उडालं की काळ्यावरच तांबूस डाग पडतो आणि तो कधीच जात नाही, म्हणजे महागाचा टी-शर्ट दोन महिन्यांत बाद, परत पैसे कापा. याच्यावर उपाय साधा आहे, अंगात सुती ड्रेस आणि वरून एप्रन, तो पुढून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, केस घरंगळून पडतील असल्या गुळगुळीत कापडाचा. डाग पडायचा तर एप्रनवर पडेल.

ड्रेसच्या मापाबद्दल मी एवढंच करते की शिवून आला की मुलीला तीन गोष्टी करायला सांगते. हात वर करून खिडकीचा पडदा सरकव, म्हणजे ब्लो ड्राय करताना कंबर उघडी पडते का बघायचं. फेशिअलच्या बेडवर वाक, गळा किती खाली येतो बघायचं. आणि पेडिक्युरच्या बुटक्या स्टुलावर बसून पुढे वाकून दाखव, मागून काय दिसतं आणि मांडीला कापड ताणतं का ते बघायचं. या तिन्ही वेळेला तिला एकदा सुद्धा कपडा ओढावा लागला नाही तर ड्रेस बरोबर आहे. अंगभर का फॅशनचा, पंजाबी का पँट-कुर्ता, हा वाद मग राहतच नाही. ओढणी मात्र नाही, ती ट्रॉलीच्या चाकात जाते, वॅक्समध्ये पडते, आणि ड्रायरच्या मागच्या जाळीत ओढली जाते, मोकळे केस पण तसेच ओढले जातात, म्हणून केस वर बांधायचे. बाही कोपरापर्यंत. लांब बाही शाम्पू करताना मनगटापाशी ओली राहते आणि दिवसभर ती ओली किनार घासून खाज सुटते.

बांगड्यांवरून आमच्याकडे खूप बोलणी होतात. माझी एक मुलगी लग्न होऊन परत कामाला आली तेव्हा दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरलेले, आणि सासूनं बजावलेलं की वर्षभर उतरवायचा नाही. मी तिच्या सासूला भेटायला गेले, रागावून नाही, चहाला गेले आणि सांगितलं की डोळ्यापासून दोन बोटांवर ही दोरा चालवते, काच तडकली तर? शिवाय फेशिअलच्या काही मशीनमध्ये करंट असतो तेव्हा हातात धातू नको हे कोर्समध्येच शिकवतात, आणि अंगठीखाली साबणाचं पाणी साठून तिथली कातडी सोलते. सासूबाई समजूतदार निघाल्या. ठरलं असं की चुडा घरून घालून यायचा, दुकानात डब्यात काढून ठेवायचा, जाताना भरायचा. मंगळसूत्र ड्रेसच्या आत, जोडवी बुटात, त्यांना काही अडचण नाही. तसंच डोक्यावरच्या स्कार्फचं. माझ्याकडची एक मुलगी हिजाब घालते, आधी तिला दोन ठिकाणी यावरूनच नाही म्हटलं होतं. सुती आखूड स्कार्फ, टोकं आत खोचलेली, पिन लावलेली, ना तो लोंबतो ना क्लायंटच्या तोंडावर येतो, आणि तिचे केस कामात पडण्याचा प्रश्नच मिटतो. काम अडत नसेल तर धर्माच्या, रिवाजाच्या गोष्टीत मालकानं नाक खुपसायचं कारण नाही, आणि काम अडत असेल तर नुसतं नको म्हणण्यापेक्षा कारण सांगायला जावं, लोक ऐकतात.

कपड्यांइतकेच महत्त्वाचे हातमोजे, पण ड्रेसकोड म्हटलं की ते कोणाच्या यादीतच नसतात. हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जन्मभर जात नाही, पुढच्या वेळी थोडासा डाय लागला तरी हात सुजतात, भेगा पडतात. त्यात दिवसातून दहा-पंधरा वेळा शाम्पूचं पाणी, म्हणजे कातडीचं तेल निघून गेलेलं, रसायन आत जायला वाटच मोकळी. मी अशी मुलगी बघितली आहे जिला बोटांच्या भेगांमुळे भाकरीचं पीठ मळता येत नव्हतं, मिठाचं पाणी लागलं की डोळ्यात पाणी यायचं, आणि ती सहा वर्षांचा अनुभव सोडून साडीच्या दुकानात कमी पगारावर लागली. डायच्या पाकिटात मिळणारे ते पातळ प्लॅस्टिकचे मोजे ढिले असतात, आत पाणी जातं. नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, मोजे शंभराच्या डब्यात मिळतात, घट्ट बसतात, बोटांना केस जाणवतात. आणि ते एका क्लायंटनंतर टाकायचे, धुऊन वाळत घालायचे नाहीत. केराटिन, स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ-मऊ करायच्या ट्रीटमेंटचं तर अजून वेगळं. त्यातल्या काही प्रॉडक्टमधून दोनशे डिग्रीच्या आसपास इस्त्री फिरवली की फॉर्मल्डिहाइड निघतो, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच माणसात कॅन्सर करणारं रसायन ठरवलं. डोळे चुरचुरतात, घसा बसतो, आणि आपण तोंडाला स्टोल बांधून काम करतो. कापड गॅस अडवत नाही. तिथं आधी प्रॉडक्ट बदला, एक्झॉस्ट बसवा, हे ड्रेसनं निभणारं काम नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. जेंट्स सलूनमध्ये पोरं फाटकी जीन्स, घट्ट शर्ट, पायात स्लिपर घालून काम करतात, त्यांच्या गळ्याची, कमरेची चर्चा कोणी करत नाही. त्यांचे पाय तसेच भाजतात, त्यांच्या बोटांत पण केस रुततात, मग त्यांच्या कपड्यांबद्दल कोणी का बोलत नाही? आणि मुलींच्या कपड्यांबद्दल बोलणारे कशासाठी बोलतात? आता युनिसेक्स सलून निघालीत, होटगी रोड, विजापूर रोड, सगळीकडे, आणि काही मालक उघड म्हणतात की मुली जरा स्मार्ट दिसल्या तर जेंट्स क्लायंट टिकतो. हे ऐकून मला फार राग येतो. ती मुलगी केस कापायला आली आहे, तिच्याकडे बघायला कोणी यावं म्हणून नाही. आणि उद्या एखादा क्लायंट काही बोलला, हात लावला, तर तेच मालक तिला म्हणतात तूच नीट कपडे घालत जा, जे कपडे त्यांनीच ठरवलेले असतात. मुलींनो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, क्लायंटनं केलेला त्रास पण त्यात येतो, आणि दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली तरी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे तक्रार करता येते. तुम्ही काय घातलं होतं याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्या मैत्रिणी, ज्यांची स्वतःची पार्लर आहेत, त्या म्हणतात आपला धंदाच दिसण्याचा आहे, स्टाफ आजीबाईसारखा दिसला तर कोण येईल. यातलं निम्मं मला पटतं. जिचे स्वतःचे केस तेलकट, नखाला अर्धं नेलपॉलिश, तिच्याकडून मी पण केस कापून घेणार नाही. नखं आखूड आणि स्वच्छ, केस नीट, तोंडाला वास नाही, कारण फेशिअलला आपण क्लायंटच्या श्वासाइतके जवळ असतो, हे सगळं हवंच. हलका मेकअप पण असू दे, मुलींना आवडतो, हौस असते. पण टापटीप आणि तंग यात फरक आहे. सुती, नीट शिवलेला, इस्त्रीचा, एका रंगाचा ड्रेस तीन मुलींच्या अंगावर जेवढा उठून दिसतो तेवढा तो तंग टी-शर्ट कधीच दिसला नव्हता, आणि हे मला क्लायंटनी येऊन सांगितलंय.

मग येतो खर्च. आणि इथं सोलापूरकरांनी तरी कारण सांगू नये. देशभरातल्या शाळांच्या पोरांचे युनिफॉर्म आपल्या गावात शिवले जातात, सलूनमध्ये मानेला गुंडाळायचे टॉवेल आणि नॅपकिन आपल्या अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरून जातात, चाटी गल्लीत कापडाला तोटा नाही, अशोक चौकाकडे गल्लीगल्लीत शिलाई मशिनी धडधडतात. मी चाटी गल्लीतून ताग्यानं सुती कापड घेतलं, गडद निळं, आणि युनिफॉर्मचं काम करणाऱ्या एका बाईंकडून शिवून घेतलं. कापड-शिलाई धरून एका ड्रेसला सातशेच्या आत बसलं, प्रत्येकीला दोन ड्रेस, दोन एप्रन, एक बुटाचा जोड. तिघींचं मिळून जे झालं ते एका ब्रायडल पॅकेजमध्ये निघालं. वर्षाला एवढं मला जड नाही, पण आठ-नऊ हजारांच्या पगारातून दोन हजार कापले तर त्या पोरीच्या घरी त्या महिन्यात गॅस सिलेंडर येत नाही. ड्रेस घरी न्यायचा नाही, दुकानातच मशिनला टॉवेलांबरोबर धुतला जातो, माझ्या आईची वेगळी बादली तीच.

आणि हे सगळं जमत नाही असं कोणी म्हणू नये, जमवून दाखवलंय. 2020 च्या मार्चपासून आपली दुकानं बंद होती, जूनच्या शेवटी उघडली तेव्हा सरकारची अट होती की काम करणाऱ्यांना ग्लोव्हज, एप्रन, मास्क पाहिजेतच. तेव्हा सगळ्यांनी घेतले, एका आठवड्यात घेतले, डबेच्या डबे भरून ठेवले. कारण तेव्हा भीती क्लायंटला होती. आजार क्लायंटला होईल म्हटल्यावर एप्रन आला, आणि आजार फक्त पोरींच्या हाताला होतो म्हटल्यावर तो परत गेला. कायद्याकडे बघावं तर 2017 चा दुकाने-आस्थापना कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना त्यातल्या बऱ्याच अटींतून मोकळीक दिली गेली, आणि आपल्याकडे दोन-तीन खुर्च्यांचीच दुकानं जास्त. त्यामुळे इन्स्पेक्टर येऊन तुमच्या पोरींच्या पायात बूट आहेत का बघणार नाही. ते आपणच बघायचंय. नाभिक संघटना आहेत, पार्लरवाल्या बायकांचे ग्रुप आहेत, कुठला नवा फेशिअल किट घ्यायचा यावर आपण तासभर बोलतो, तर एकदा बसून एवढं ठरवूया की कामाचा ड्रेस, एप्रन, बूट, हातमोजे मालकाचे, पगारातून एक रुपया कापायचा नाही, आणि कपडे बदलायला पडद्याआड जागा द्यायची. कोर्स घेणाऱ्यांनी पण पहिल्याच दिवशी हे शिकवावं, म्हणजे मुलगी कामाला जाताना स्वतः विचारेल.

परवा मी त्या नवीन मुलीच्या आईला परत बोलावून घेतलं आणि ड्रेस दाखवला. तिनं आधी कापड दोन बोटांत धरून चुरगाळलं, सोडलं, मग शिवण उलटी करून बघितली, मग मुलीला म्हणाली घाल बघू. मुलगी पडद्याआड जाऊन घालून आली, मी सांगायच्या आधीच आईनं तिला वाकायला लावलं. मग मला विचारलं, "याचं पैसं किती कापताव?" मी म्हटलं काही नाही, दुकानाचा आहे. तिला ते लगेच खरं वाटलं नाही, तिनं दोनदा विचारलं. मंगळवारपासून मुलगी येतेय. बुटाचा नंबर पाच सांगितलाय, माझ्याकडे सहाचा एकच जोड शिल्लक आहे, तेव्हा त्याच्या आधी एकदा नवी पेठेत जाऊन यायचंय.